पाण्यानं आणलेलं सोनं

कॅलिफोर्नियात राहणारी मराठी मंडळी योसेमिटीला हमखास जाऊन येतात. घरी भारतातून पाहुणे आले की पुन्हा जातात. पण योसेमिटीच्या माथ्यावरचा टायोगा घाट ओलांडून सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेला उतरणारे त्या मानानं फार कमी. खाली उतरलं की मुलूखच बदलतो. पर्वतानं पाऊस अडवून धरल्यामुळे इकडे उंच, कोरडं माळरान आहे. सेजब्रशची राखाडी झुडपं, मैलोन्‌मैल मोकळी जमीन, आणि पश्चिमेला बर्फानं भरलेली पर्वताची सरळ उभी भिंत. या भिंतीच्या पायथ्यानं उत्तर-दक्षिण जाणारा रस्ता म्हणजे यूएस ३९५. नेवाडातल्या रेनोपासून कॅलिफोर्नियातल्या बिशपपर्यंतचा त्याचा सुमारे ३३० किलोमीटरचा टप्पा हा या प्रकरणाचा विषय.

या टप्प्यावर लोक दोन गोष्टींसाठी गाडी थांबवतात. एक, उघड्या माळावरची गरम पाण्याची कुंडं. दोन, खाणी बंद पडल्यावर माणसं सोडून गेलेली ओसाड गावं, ज्यांना तिकडे घोस्ट टाऊन म्हणतात. प्रवासाच्या पुस्तकांत या दोन्हींची प्रकरणं वेगळी असतात. झरे विश्रांतीच्या पानांवर आणि गावं इतिहासाच्या पानांवर. मला ही वाटणी चुकीची वाटते. या प्रदेशात गरम पाण्याचा झरा आणि सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव ही एकाच घटनेची दोन वयं आहेत. ज्या सोन्यापायी ती गावं वसली, ते सोनं गरम पाण्यानंच खालून वर आणलं होतं. हे एकदा ध्यानात आलं की रस्ता तोच राहतो, पण त्यावरचं सगळं वेगळं दिसू लागतं.

सुरुवात उत्तरेकडून करावी, कारण ही गोष्ट डोळ्यांना दिसते ती रेनोच्या दक्षिणेला, स्टीमबोट स्प्रिंग्ज इथे. जमिनीच्या फटींमधून वाफ निघते आणि आजूबाजूला पांढऱ्या-करड्या रंगाचा एक टणक थर पसरलेला आहे. हा थर सिलिकाचा, म्हणजे आपण जिला गारगोटी म्हणतो तिच्याच द्रव्याचा. आज इथे भूऔष्णिक वीजकेंद्रं आहेत. भूवैज्ञानिकांनी या थराचं आणि फटींतल्या गाळाचं पृथक्करण केलं तेव्हा त्यात पारा आणि अँटिमनी सापडले, आणि थोडं सोनं नि चांदीही. म्हणजे सोनं जमिनीत साठण्याची क्रिया इथे भूतकाळात जमा झालेली नाही. ती अजून चालू आहे.

ही क्रिया नीट समजून घेण्यासारखी आहे. पाऊस आणि वितळलेला बर्फ खडकांच्या भेगांतून खाली मुरतो, काही ठिकाणी कित्येक किलोमीटर खोल. खाली शिलारसाची किंवा नुकत्याच थिजलेल्या शिलारसाची धग असली तर हे पाणी दोनशे-तीनशे अंश सेल्सिअसपर्यंत तापतं. वरच्या पाण्याचा आणि खडकाचा दाब असल्यामुळे इतकं तापूनही ते उकळत नाही, द्रवच राहतं. असं पाणी खडकातून सिलिका विरघळवून घेतं. त्यात हायड्रोजन सल्फाइड हा कुजक्या अंड्यासारख्या वासाचा वायू असतो, आणि त्यातल्या गंधकाशी सोन्याचे अणू बांधले जातात. एरवी बहुतेक आम्लांनाही दाद न देणारं सोनं या पाण्यात विरघळून राहतं. प्रमाण अगदी नगण्य, अब्ज भागांत काही भाग एवढंच. मग हे पाणी हलकं होऊन एखाद्या भेगेतून वर चढू लागतं. वर येताना दाब कमी होतो आणि एका पातळीला ते खवळून उकळतं. उकळताना वायू वाफेबरोबर निसटतो. सोन्याला धरून ठेवणारं गंधकच निघून गेल्यावर सोनं पाण्यात राहू शकत नाही, आणि भेगेच्या भिंतींवर सिलिकासोबत त्याचा अतिपातळ लेप बसतो. हे हजारो वर्षं होत राहिलं की भेग भरत जाते आणि सोन्याची कणी असलेली गारगोटीची शीर तयार होते.

हा निव्वळ तर्क नाही. न्यूझीलंडमधल्या ब्रॉडलँड्स इथल्या भूऔष्णिक विहिरींत, जिथे पाण्याचा दाब एकदम उतरतो तिथल्या धातूच्या तबकड्यांवर सोनं-चांदीनं भरलेली पुटं जमलेली शास्त्रज्ञांना आढळली. निसर्गाला भेग भरायला जे करावं लागतं, तेच तिथे एका नळीत, माणसाच्या डोळ्यांदेखत घडलं.

स्टीमबोटच्या पूर्वेला डोंगरात व्हर्जिनिया सिटी आहे. १८५९ साली तिथे कॉमस्टॉक लोड हा चांदी-सोन्याचा प्रचंड साठा उजेडात आला. खाणी खोल गेल्या तशी उष्णता वाढत गेली, आणि पुढे भिंती फोडून चटका बसेल असं पाणी आत घुसू लागलं. कामगारांना तळाशी थोडा वेळ काम आणि मग बर्फाच्या पाण्याजवळ विसावा, अशा पाळ्या लावाव्या लागल्या. ते पाणी बाहेर काढण्यासाठी सुमारे सहा किलोमीटर लांबीचा सुत्रो बोगदा खणला, तो १८७८ मध्ये आरपार झाला. व्हर्जिनिया सिटी आज पुरती ओसाड नाही. पर्यटनावर ती चांगली जगते आहे, म्हणून तिथे फार न रेंगाळता पुढे निघावं.

दक्षिणेला दोनेक तासांवर ब्रिजपोर्ट हे छोटं गाव लागतं. गावाबाहेर मातीच्या रस्त्यानं थोडं वर गेलं की ट्रॅव्हर्टाइन हॉट स्प्रिंग्ज येतात. इथली रचना मी तरी दुसरीकडे पाहिलेली नाही. जमिनीवर पिवळट-तांबूस दगडाचे लांबट कणे उभे आहेत, आणि प्रत्येक कण्याच्या माथ्यावर एक बारीक पन्हळ आहे. त्या पन्हळीतून गरम पाणी वाहतं आणि शेवटाला खाली टपकून कुंडात पडतं. हा दगड पाण्यानंच रचलेला आहे. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडल्यावर जसा वायू फसफसून निघतो, तसा जमिनीबाहेर आल्याबरोबर या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि मग त्यातला विरघळलेला चुना पाण्यात टिकत नाही. तो काठावर बसत जातो, काठ उंच होतो, आणि पाणी स्वतःच बांधलेल्या भिंतीच्या माथ्यावरून वाहत राहतं.

कुंडात बसलं की समोर सिएराचे करवती सुळके दिसतात. ही जागा स्थानिक पायूट आदिवासींना पवित्र आहे, आणि खाणवाले यायच्या कितीतरी आधीपासून ते इथे येत आले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथे काही लोक विवस्त्र स्नान करतात. तिकडे त्यात कुणाला वावगं वाटत नाही. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर त्यांना ही कल्पना निघतानाच द्यावी.

स्टीमबोटचा थर सिलिकाचा आणि इथला चुन्याचा, हा फरक सोनं शोधणाऱ्याच्या दृष्टीनं मोठा आहे. सिलिकाचा जाड थर बसायला खालचं पाणी फार तापलेलं असावं लागतं. चुन्याचा थर सहसा त्या मानानं कमी तापलेल्या पाण्याचा असतो. म्हणून जुन्या, थंडावलेल्या झऱ्याजवळ सिलिकाचं टोपण दिसलं की भूवैज्ञानिक थबकतो. कॅलिफोर्नियातच, बऱ्याच पश्चिमेला, मॅकलॉफ्लिन नावाची सोन्याची मोठी खाण १९७८ च्या सुमारास सापडली ती अशाच एका जुन्या झऱ्याच्या थराखाली.

मराठी वाचकाला इथे आपल्या कोकणातली गरम पाण्याची कुंडं आठवणारच. वज्रेश्वरीजवळचं अकलोली, तुरळ, राजवाडी, उन्हवरे. ती सोनं का देत नाहीत, हा प्रश्न रास्त आहे. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचाच, पण तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच निवली. कोकणातलं पाणी तापतं ते खोल भेगांत उतरल्यामुळे. पृथ्वीच्या पोटात जसं खाली जावं तशी उष्णता वाढते, तेवढीच त्याला मिळते. सोनं विरघळवून वर आणायला लागणारा शिलारसाचा ताजा विस्तव तिथे नाही. ३९५ च्या दोन्ही बाजूंना तो आहे, आणि जिथे आज नाही तिथे कधीकाळी होता.

जिथे कधीकाळी होता, अशी जागा म्हणजे बोडी.

ब्रिजपोर्टहून दक्षिणेला थोडं गेलं की डावीकडे २७० क्रमांकाचा रस्ता फुटतो. एकवीस किलोमीटर आत जायचं, त्यातले शेवटचे पाचेक किलोमीटर खडबडीत, बिनडांबरी. झाड असं एकही नाही. मग एका वळणावर खालच्या पसरट खोलगटात लाकडी घरं दिसतात, उन्हानं तपकिरी झालेली, काही तिरकी झुकलेली, आणि मागच्या उतारावर पत्र्याची एक मोठी गिरणी. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,५५० मीटर. वाऱ्याला आडोसा नाही, आणि उन्हाळ्यातसुद्धा रात्री पाणी गोठू शकतं.

गिरणीमागची टेकडी म्हणजे बोडी ब्लफ. सुमारे ऐंशी लाख वर्षांपूर्वी इथे ज्वालामुखी होता आणि त्याच्या पोटात वर सांगितलेली सगळी क्रिया चालू होती. त्या काळी कुणी इथे असतं तर त्याला वाफाळते झरे दिसले असते. झरे थंडावले, वरची जमीन झिजून गेली, आणि सोनं-चांदी भरलेल्या गारगोटीच्या शिरा उघड्या पडायला आल्या.

१८५९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून आलेल्या डब्ल्यू. एस. बोडी या माणसाला इथे सोनं दिसलं. त्याच हिवाळ्यात सामान आणायला गेला असताना तो बर्फाच्या वादळात सापडून मेला. गावाला त्याचं नाव मिळालं, त्याला सोनं मिळालं नाही. पुढची पंधरा-सोळा वर्षं बोडी म्हणजे मूठभर झोपड्या होत्या. गर्दी होती ती जवळच्या ऑरोरा गावात. मग १८७० च्या दशकाच्या मध्यावर एका खाणीतली दरड कोसळली आणि आतली भरघोस शीर उघडी झाली. १८७७ मध्ये स्टँडर्ड कंपनी उभी राहिली, आणि दोन-तीन वर्षांत गावाची वस्ती सात ते दहा हजारांच्या घरात गेली असावी असा अंदाज आहे. इमारती दोन हजारांच्या आसपास, दारूचे गुत्ते साठाच्या वर. वर्तमानपत्रं होती, युनियनचं सभागृह होतं, चिनी लोकांची मोठी वस्ती होती. लाकूड, कोळसा, भाजी या गावाच्या रोजच्या गरजा बऱ्याच अंशी हेच चिनी लोक भागवत. पायूट लोकही इथे मजुरी करत. बोडीच्या गोष्टींत बंदुका आणि मारामाऱ्या फार सांगतात. मला त्यापेक्षा १८७८-७९ चा हिवाळा अधिक सांगावासा वाटतो. घाईनं ठोकलेल्या फटीच्या भिंतींत, अपुऱ्या सरपणावर कित्येक माणसं थंडीनं आणि आजारानं मेली.

सरपण ही या गावाची कायमची अडचण होती. गिरणीत वाफेच्या इंजिनांवर लोखंडी मुसळं चालत. ती खनिज कुटून पीठ करत, आणि पाऱ्यानं त्या पिठातलं सोनं पकडलं जाई. त्या इंजिनांना लाकूड लागे, खाणीतल्या टेकूंना लागे, घरोघरी शेगड्यांना लागे, आणि आसपास झाड नव्हतं. म्हणून १८८१ मध्ये मोनो सरोवराच्या दक्षिणेच्या जंगलापासून बोडीपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटरची छोट्या रुळांची रेल्वे टाकली. ती पुढे बेंटन गावापर्यंत नेऊन मोठ्या लोहमार्गाला जोडायची योजना होती. ते काम अर्धवट सोडलं गेलं. बोडीची रेल्वे शेवटपर्यंत लाकडं वाहणारी, बाकीच्या देशाला न जोडलेली रेल्वे राहिली.

याच अडचणीतून एक मोठं पाऊल पडलं. जवळजवळ वीस किलोमीटरवरच्या ग्रीन क्रीक या ओढ्यावर स्टँडर्ड कंपनीनं जलविद्युत यंत्र बसवलं आणि १८९२-९३ मध्ये तारांवरून गिरणीपर्यंत वीज आणली. इतक्या लांबून आलेल्या विजेवर गिरणी चालवण्याच्या जगातल्या पहिल्या काही प्रयोगांपैकी हा एक. खांब अगदी सरळ रेषेत रोवले होते. वळणावर वीज तारेतून उडून जाईल अशी तेव्हा लोकांना भीती होती, असं तिकडे सांगतात. त्याच दशकात सायनाइडनं सोनं काढायची पद्धत आली, आणि आधी फेकून दिलेल्या गाळातूनही सोनं निघू लागलं. चैतन्य ओसरलेल्या गावाला त्यामुळे आणखी काही वर्षं मिळाली.

पण शिरा मोजक्याच होत्या. पाण्यानं जेवढं ठेवलं होतं तेवढंच निघणार. भरभराटीची वर्षं चारच, १८७८ ते १८८१. त्यानंतर खाणकामगार दुसऱ्या बातमीच्या मागे निघून गेले. १८९२ च्या आणि १९३२ च्या आगींनी गावाचा बहुतेक भाग नेला. दुसरी आग काडेपेटीशी खेळणाऱ्या एका लहान मुलामुळे लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, सरकारनं देशभरच्या सोन्याच्या खाणी थांबवल्या. त्याच वर्षी बोडीचं टपाल कार्यालयही बंद झालं.

आज उभ्या आहेत त्या साधारण शंभर-सव्वाशे इमारती, मूळ गावाचा विसावा हिस्सा. काचेतून आत पाहिलं की दुकानाच्या फळ्यांवर डबे आहेत, शाळेत बाकं आणि पृथ्वीचा गोल आहे, शवपेट्या करणाऱ्याच्या घरात पेट्या आहेत, एका स्वयंपाकघरात भांडी टांगलेली आहेत. लोक एवढं सगळं टाकून का गेले? उत्तर भाड्यात आहे. इतक्या दूरच्या, इतक्या उंच गावातून जुनी खाट हलवायला जो खर्च येई, त्यात खाली नवी खाट येई. वाहनात मावलं तेवढं घेतलं, उरलं ते राहिलं. पुढे गावातल्या बहुतेक जमिनी केन या एका कुटुंबाकडे आल्या आणि त्यांनी राखणदार ठेवले. राखणदार नसता तर बोडीचं काय झालं असतं, ते ऑरोराकडे पाहून कळतं. ऑरोरा बोडीहून अधिक पक्कं, विटांचं गाव होतं. त्या विटांनाच पुढे भाव आला. महायुद्धानंतर लोकांनी त्या उपसून नेल्या. आता तिथे जवळजवळ काहीही नाही.

१९६२ मध्ये कॅलिफोर्निया राज्यानं बोडी विकत घेतलं आणि ते राज्य ऐतिहासिक उद्यान झालं. ते जपण्याचं धोरण मला या साऱ्या प्रवासातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. इमारती नव्यासारख्या करायच्या नाहीत आणि पडूही द्यायच्या नाहीत. छप्पर गळत असेल तर ते दुरुस्त करायचं, पाया खचत असेल तर सावरायचा, काच फुटली तर बसवायची. रंग द्यायचा नाही, धूळ पुसायची नाही. स्वेझी हॉटेल एका बाजूला कललेलं आहे. त्याला टेकू दिले आहेत आणि ते कललेलंच ठेवलं आहे. दक्षिण कॅलिफोर्नियात मोहावी वाळवंटात कॅलिको नावाचं चांदीच्या खाणीचं गाव आहे. वॉल्टर नॉट या उद्योजकानं १९५० च्या दशकात ते पुन्हा उभारलं, आणि तिथल्या बहुतेक इमारती नव्यानं बांधलेल्या आहेत. मुलांना तिथे मजा येते, आणि तीही काही वाईट गोष्ट नव्हे. पण तिथे आपण एक देखावा पाहतो. बोडीत खिळासुद्धा त्या काळचा आहे.

सोनं मात्र बोडी ब्लफमध्ये अजून आहे. एकूण पंचेचाळीस टनांच्या आसपास निघालं असा अंदाज आहे, पण बारीक, विखुरलेलं बरंच उरलं आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका परदेशी कंपनीनं इथे मोठी उघडी खाण खणण्याचा घाट घातला होता. ती झाली असती तर गावामागची टेकडीच गेली असती. लोकांनी जोरदार विरोध केला. १९९४ मध्ये अमेरिकी संसदेनं बोडीच्या आसपासच्या सरकारी जमिनीवर नव्या खाणींना बंदी करणारा कायदा केला, आणि पुढे टेकडीवरची खासगी जमीन राज्यानं विकत घेतली. एक मेलेलं गाव वाचवायला जिवंत माणसं इतकी वर्षं भांडली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बोडीहून खाली आलं की मोनो सरोवर. त्याचं पाणी समुद्राहून दोन-तीन पट खारट आणि साबणासारखं बुळबुळीत आहे. काठावर चुन्याचे जे मनोरे उभे आहेत तेही झऱ्यांचंच काम. सरोवराच्या तळाशी फुटणाऱ्या झऱ्यांतलं कॅल्शियम सरोवरातल्या कार्बोनेटला भेटलं आणि पाण्याखाली मनोरे उभे राहिले. १९४१ पासून लॉस एंजेलिस शहरानं सरोवराला मिळणारे ओढे वळवले, पातळी चौदा मीटरच्या आसपास खाली गेली, आणि मनोरे उघडे पडले. आपण ज्याचे फोटो काढतो ते खरं तर त्या नुकसानीचं मोजमाप आहे. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर १९९४ मध्ये पातळी पुन्हा वाढवण्याचा आदेश निघाला. सरोवराच्या दक्षिणेला ज्वालामुखींची रांग आहे, आणि मधलं पाओहा बेट तर जेमतेम तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. शिवाजी महाराजांच्या काळाच्या आगेमागे ते पाण्यातून वर आलं.

आणि मग लाँग व्हॅली. मॅमथ लेक्स हे बर्फावरच्या खेळांचं प्रसिद्ध गाव जिथे आहे, तो सारा परिसर म्हणजे एका महास्फोटाचा खड्डा. सुमारे ३२ किलोमीटर लांब, १७ किलोमीटर रुंद. साडेसात लाखांहून अधिक वर्षांपूर्वी इथून सहाशे घनकिलोमीटरच्या आसपास द्रव्य बाहेर पडलं आणि राख पार नेब्रास्कापर्यंत गेली. खड्डा इतका मोठा आहे की त्यात उभं राहून तो दिसत नाही. १९८० च्या मे महिन्यात काही दिवसांतच सहा रिश्टरच्या आसपासचे चार भूकंप इथे झाले आणि खड्ड्याची मधली जमीन फुगू लागली. १९८२ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं ज्वालामुखीच्या संभाव्य धोक्याची सूचना काढली तेव्हा गावातले व्यापारी फार संतापले, कारण पर्यटक आणि घरांचे भाव दोन्ही घसरले. स्फोट झाला नाही. पण तेव्हापासून हा जगातल्या सर्वाधिक बारकाईनं पाहणी होणाऱ्या ज्वालामुखी प्रदेशांपैकी एक आहे. जवळच्या हॉर्सशू तळ्याकाठी १९९० च्या सुमारास सुमारे चाळीस हेक्टरांवरची झाडं मेली. जमिनीतून झिरपणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनं त्यांची मुळं गुदमरली होती.

बर्फाचं पाणी या खड्ड्याच्या पश्चिम भागात मुरतं, खाली तापतं आणि पूर्वेकडे सरकत झऱ्यांतून वर येतं. काही झरे माळावरच्या कुंडांत येतात, तिथे लोक डुंबतात. काही हॉट क्रीक या ओढ्याच्या पात्रात येतात. तिथे निळं, उकळतं पाणी थंड प्रवाहात मिसळताना काठावरून पाहता येतं. पूर्वी लोक तिथे पोहत. उकळत्या पाण्याच्या जागा आणि जोर अचानक बदलतात, भाजून माणसं मेलीसुद्धा आहेत. २००६ मध्ये नवे फवारे उडू लागल्यापासून पाण्यात उतरायला बंदी आहे. इथे खडकाचा रंग बदललेला, पांढरा, मऊ झालेला दिसतो. गरम पाण्यानं खडकाची चिनी माती केली आहे, आणि ती मातीही काही काळ खणली गेली. याच खड्ड्यात सोन्याचा साठा असल्याचं भूवैज्ञानिकांना माहीत आहे. अलीकडच्या वर्षांत तो तपासण्यासाठी विंधनछिद्रं घेण्याचे प्रयत्न झाले, तेव्हा पायूट लोकांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी त्याला हरकत घेतली. म्हणजे आज जिथे आपण कुंडात पाय सोडून बसतो, तिथे खाली दुसरं बोडी घडलेलं आहे. फरक इतकाच की त्यावर गाव वसलं नाही.

शेवटचा मुक्काम बेंटन हॉट स्प्रिंग्ज इथे करावा. मोनो सरोवराकडून १२० क्रमांकाच्या रस्त्यानं पूर्वेला, नेवाडाच्या सीमेजवळ. बोडीची रेल्वे ज्या गावापर्यंत पोचायची होती, ते हे बेंटन. इथल्या गरम झऱ्यावर आधी पायूटांची वस्ती होती. १८६० च्या दशकात शेजारच्या टेकडीत चांदी सापडली आणि गाव वाढलं. चांदी संपली, लोक गेले, मोडक्या लाकडी इमारती राहिल्या. पण झरा वाहत राहिला, आणि म्हणून गाव पुरतं मेलं नाही. जुन्या घरांच्या मागे आज लाकडी टबांत ते पाणी सोडतात आणि रात्रीच्या मुक्कामाला लोक येतात. या सबंध प्रवासात झरा आणि ओसाड गाव एकाच अंगणात फक्त इथेच भेटतात.

जाणाऱ्यांना चार शब्द. टायोगा घाट हिवाळ्यात बंद असतो, कधी नोव्हेंबरपासून थेट मे-जूनपर्यंत. बोडीचा रस्ताही बर्फात साध्या गाडीनं पार करता येत नाही. जून ते ऑक्टोबर हा काळ बरा. पेट्रोल ब्रिजपोर्टला किंवा मोनो सरोवराजवळच्या ली व्हायनिंग गावात भरून घ्या. बोडीत खायला काही मिळत नाही, आणि उन्हाळा असला तरी स्वेटर बरोबर असू द्या. कोणत्याही कुंडात आधी हात बुडवून पाहा, मग पाय. कालचं कोमट कुंड आज चटका देणारं असू शकतं. डोकं पाण्याबाहेर ठेवा. कोमट गोड्या पाण्यात मेंदूला जीवघेणा संसर्ग करणारा एक अमीबा असू शकतो, आणि तो नाकावाटेच शिरतो. कुंडाच्या पाण्यात साबण नको, काठावर काचेची बाटली नको. आणि बोडीतून काहीही उचलू नका, गंजका खिळाही नाही. तसं करणं गुन्हा आहे. नेलेल्या वस्तू माफीच्या चिठ्ठीसह टपालानं परत पाठवणारी माणसं आहेत, आणि उद्यानाच्या संग्रहालयात अशा चिठ्ठ्या ठेवलेल्या आहेत. परत आलेला खिळा कोणत्या भिंतीतला होता हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. म्हणून तो जागच्या जागी राहू द्या.